किनाऱ्यावर झळाळतं, घरी काळवंडतं

प्रश्न : नोकरी संपल्यावर समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहायला आले आणि आयुष्यभर राहून गेलेलं चित्रकलेचं काम सुरू केलं. तैलरंगांची पेटी आणि घडीचं इझल घेऊन आठवड्यातून दोन-तीनदा किनाऱ्यावर जाते. रंगांचं मला लहानपणापासून वेड. पेटीत सव्वीस ट्यूब आहेत आणि त्यातली एकही मागे ठेववत नाही. अडचण अशी की जे चित्र किनाऱ्यावर झळाळत असतं, तेच घरी आणून भिंतीला टेकवलं की काळपट, निर्जीव दिसतं. म्हणून पुढच्या खेपेला मी ट्यूबमधला रंग न मिसळता तसाच लावते, तर चित्र भडक होतं. त्यात समुद्र एका रंगावर टिकत नाही. निळा लावेपर्यंत तो हिरवा होतो, हिरवा मिसळेपर्यंत ढग येतो आणि सगळं राखी. मी मागे धावत राहते आणि दोन-अडीच तासांनी कॅनव्हासवर चिखल उरतो. ज्यांच्याकडे शिकते ते सर म्हणतात, रंगांचा मोह आवरा, फोटो काढून आणा आणि घरी शांतपणे रंगवा. फोटोवरून रंगवताना माझा जीव रमत नाही. सरांचं ऐकावं का? आणि या वयात रंगांचं एवढं वेड म्हणजे पोरकटपणा तर नव्हे?

– एक रंगवेडी

उत्तर : शेवटचा प्रश्न मी उत्तराच्या लायकीचा धरत नाही, तेव्हा तो बाजूला ठेवू. राहिल्या तीन तक्रारी. चित्र काळं पडतं, चित्र भडक होतं, चित्राचा चिखल होतो. तुम्ही तिन्हींचं खापर रंगांच्या वेडावर फोडलंय आणि सरांनीही त्याला दुजोरा दिलाय. मला मात्र पत्र वाचताना पहिला संशय आला तो उन्हाचा. तुम्ही कॅनव्हास उन्हात ठेवून रंगवत असणार.

भर दुपारच्या थेट उन्हात साधारण १,००,००० लक्स इतका उजेड असतो. दिवे लावलेल्या घरात तो जेमतेम काही शे लक्स. आपले डोळे या दोन्हींशी इतक्या सहज जुळवून घेतात की फरक जाणवतही नाही. आता इझलवर काय होतं ते पाहा. उन्हातल्या कॅनव्हासवर पडलेला प्रत्येक रंग आहे त्याहून उजळ दिसतो. समोरच्या पाण्याशी तो जुळावा म्हणून तुम्ही त्याला थोडं गडद करता. जुळतो, मन खूष होतं, पुढचा रंगही त्याच मापाने गडद मिसळला जातो. असं करत अख्खं चित्र एक-दोन पायऱ्या खाली उतरतं. किनाऱ्यावर ते कळत नाही, कारण कमी पडलेला उजेड ऊन भरून काढत असतं. घरात ऊन नाही. तिथे फक्त तुमचा गडदपणा उरतो.

इथपर्यंत दोष तुमचा नाहीच. घोटाळा होतो तो पुढे. काळपट चित्र बघून तुम्ही ठरवलंत की रंग कमी पडला, आणि ट्यूब पिळली. खरं तर कमी पडला होता उजळपणा. उजळ आणि भडक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रंगांवर जीव असणारी माणसंच त्यांची जास्त गल्लत करतात. शुद्ध अल्ट्रामरीन, म्हणजे तो गडद निळा, ट्यूबमधून निघतं तेव्हा जवळजवळ काळ्याइतकं गडद असतं. ते जास्त लावलं म्हणजे चित्र रंगीत होतं, पण अंधारही वाढतो. दुपारचं पाणी तळपतं त्याचं कारण ते फार निळं असतं असं नाही. त्याच्या प्रत्येक निळ्यात पांढरा आणि थोडासा पिवळा जितका मिसळायला हवा, तितका मिसळायला तुमचा हात धजत नाही, कारण पांढऱ्याने रंग मरतो असं तुम्हाला वाटत असावं. थोडा मरतोही. पण त्याच्या शेजारी काय ठेवायचं हे कळलं की तो परत उभा राहतो. त्याबद्दल पुढे लिहिते.

ऊन टाळण्याचा उपाय सोपा आहे, पण जरा हट्टाने करावा लागतो. इझल असं फिरवा की सूर्य कॅनव्हासच्या मागे येईल आणि रंगवायची बाजू स्वतःच्याच सावलीत राहील. पॅलेटही त्याच सावलीत हवं. कॅनव्हास सावलीत आणि पॅलेट उन्हात असेल तर मिसळताना एक रंग आणि लावल्यावर दुसरा, असा खेळ चालू होतो. दृश्यामुळे इझल फिरवता येत नसेल तर छत्री लावा, पण पांढरी किंवा राखाडी. लाल छत्रीखाली अख्खं चित्र लाल उजेडात रंगवलं जाईल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. कपड्यांचंही तसंच आहे. झगझगीत पिवळा सदरा ओल्या रंगावर आपली झाक टाकतो, म्हणून बाहेर रंगवणारे बरेच जण मळखाऊ, फिकट राखी कपडे घालतात. तुमच्यासारखीला हे जिवावर येईल, पण तेवढ्या वेळापुरतं करा. गॉगल नको, रुंद काठाची टोपी चालेल. आणि दर अर्ध्या तासाने कॅनव्हास उचलून एखाद्या भिंतीच्या किंवा झाडाच्या सावलीत न्या, समुद्राकडे पाठ करा आणि मिनिटभर नुसतं त्याच्याकडे बघा. घरी गेल्यावर ते कसं दिसेल याचा बराचसा अंदाज तिथेच येतो. कोरा पांढरा कॅनव्हास उन्हाशिवायही डोळ्यांवर येतो, तेव्हा आदल्या दिवशी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या यलो ऑकर या मातकट पिवळ्याचा किंवा करड्याचा एक हात मारून ठेवा. उलट टोकालाही जाऊ नका. दाट सावलीत बसून तळपत्या पाण्याचं चित्र केलं तर घरी ते गरजेपेक्षा फिकट निघतं.

आता समुद्राचा पाठलाग. तो रंग बदलतो हे खरं, पण सगळा एकदम बदलत नाही, आणि कुठला भाग का बदलतो हे एकदा समजलं की धावपळ निम्मी होते.

पायाशी उभं राहून सरळ खाली बघितलं तर पाणी आकाशाचा उजेड फार थोडा परावर्तित करतं, शेकडा दोनच्या आसपास. म्हणून तिथे आपल्याला पाण्याच्या आतलं दिसतं, वाळू, दगड, शेवाळ. नजर जसजशी लांब जाते, तसतसा परावर्तनाचा वाटा वाढतो आणि दूरचं पाणी मुख्यतः आकाश दाखवू लागतं. तेही नेमकं क्षितिजालगतचं आकाश नाही. लाटांचे उतार आपल्याकडे कललेले असतात, त्यामुळे त्यांत आकाशाचा बराच वरचा, अधिक गडद निळा भाग दिसतो. स्वच्छ दिवशी क्षितिजाच्या रेघेवर समुद्र आकाशाहून गडद का असतो, याचं उत्तर यात आहे. नवशिके तिथे आकाशाचाच रंग थोडा बदलून लावतात आणि मग क्षितिज हरवतं.

मधल्या पट्ट्यात खरी मौज आहे. लाट उभी राहते तेव्हा तिचा आपल्याकडचा चेहरा जवळपास उभा होतो, म्हणून आपण तिच्या पोटात बघू शकतो. पाणी उजेडातला तांबडा भाग आधी शोषून घेतं, त्यामुळे आतून येणारा रंग निळसर-हिरवा असतो. सूर्य लाटेच्या मागे असेल तर कडेला, जिथे पाणी सर्वांत पातळ असतं, तिथे तो हिरवा पेटल्यासारखा दिसतो. लाटेची पाठ मात्र आकाश दाखवते. म्हणजे एकाच लाटेत दोन वेगळ्या कारणांनी आलेले दोन रंग शेजारी उभे असतात. तुमच्या 'निळा लावेपर्यंत हिरवा होतो' या तक्रारीतला हिरवा बहुधा आधीपासून तिथेच होता, तुमचं लक्ष नंतर गेलं.

ढग आला की आकाश दाखवणारे भाग लगेच बदलतात. ओल्या वाळूवरची चमक बदलते, लाटांच्या पाठी बदलतात, दूरचा पट्टा बदलतो. लाटेच्या पोटातला रंग आणि ओल्या-कोरड्या वाळूतला गडद-उजळपणाचा फरक त्या मानाने टिकून राहतात. तेव्हा सुरुवातीलाच ठरवायचं की आज मी कुठल्या आकाशाचं चित्र करतेय. पेन्सिलीने हाताच्या तळव्याएवढं एक रेखाटन करा, फक्त तीन टोनचं, काळा, मधला आणि कागदाचा पांढरा. मग पहिल्या वीस मिनिटांत कॅनव्हासवर सगळे मोठे पट्टे टाका. आकाश, दूरचं पाणी, जवळचं पाणी, ओली वाळू, कोरडी वाळू. बारकावा एकही नको. हे पाच रंग एकमेकांशी जुळले की तो क्षण तुमच्याकडे बांधला गेला. पुढे आकाश काहीही करो, तुम्ही त्या पाचांशी प्रामाणिक राहायचं.

फेसाबद्दल एक आगंतुक सूचना. तुम्ही विचारलेलं नाही, पण सव्वीस ट्यूबवाल्या माणसाची पांढरी ट्यूब हमखास फेसात संपते. सावलीतला फेस पांढरा नसतो. लाटेच्या सावलीतल्या बाजूचा फेस निळसर करडा असतो, पुष्कळदा उन्हातल्या वाळूपेक्षाही गडद. शुद्ध पांढरा अगदी शेवटी, दोन-चार ठिकाणी.

आणि उजेड खरोखरच बदलला तर? तर रंगवायचा दुसरा छोटा बोर्ड काढायचा. यावर याहून चांगला तोडगा अजून कोणाला सापडलेला नाही. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने १८८० च्या दशकात फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर एत्रता इथे रंगवत असे, तेव्हा लेखक गी द मोपासाँने त्याला पाहिलं होतं. मागे मुलं एकाच दृश्याचे पाच-सहा कॅनव्हास घेऊन चाललेली, आणि मोने आकाश बदलेल तसा एक खाली ठेवून दुसरा हातात घेणारा. तुम्हाला मुलांची फौज नको. वहीच्या पानाएवढे तीन बोर्ड पुरेत. मोठा कॅनव्हास काही महिने घरी राहू द्या. दोन-अडीच तास एका चित्रावर म्हणजे तुम्ही तीन वेगवेगळ्या वेळा एकावर एक थापताय, आणि चिखल झाला तो त्यामुळे. ओल्या रंगात ओला रंग तिसऱ्यांदा घोळला की कुठलीही ट्यूब तुम्हाला वाचवू शकत नाही.

प्रत्येक बोर्डाच्या मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि भरती की ओहोटी ते लिहा. ही सवय जुनी आहे. मोनेला उघड्यावर रंगवायला लावणारा चित्रकार यूजेन बूदँ आपल्या आकाशाच्या पेस्टल अभ्यासचित्रांवर दिवस, तास आणि वारा नोंदवून ठेवायचा, आणि १८५९ साली ते पाहून कवी बोदलेर थक्क झाला होता. तुम्हाला या नोंदीचा एक रोखठोक फायदा आहे. बहुतेक किनाऱ्यांवर भरती-ओहोटीत सहा तासांहून थोडं जास्त अंतर असतं आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. उद्या त्याच वेळी गेलात तर सूर्य तिथेच असेल, पण पाणी नसेल. साधारण पंधरवड्याने दोन्ही पुन्हा जवळपास जुळतात. अर्धं राहिलेलं चित्र पुढे न्यायचं असेल तर तो दिवस वहीत मांडून ठेवा, मध्ये घाई नको.

आता तुमच्या पेटीकडे येते. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने दाबून रिकामी करता येणारी धातूची ट्यूब आणली. त्याआधी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयात बांधून विकले जायचे, आणि ती पिशवी टोचून रंग काढावा लागे. तेव्हा किनाऱ्यावर ट्यूब नेता येणं हीच मुळात चैन आहे. सव्वीस नेणं मात्र बाहेरच्या कामात अडचणीचं. प्रत्येक नवा रंग दिसला की हात नव्या ट्यूबकडे जातो, आणि त्या ट्यूबमधला रंग तिथल्या कुठल्याच रंगाचा नातलग नसतो.

सात न्या. टायटॅनियम व्हाइट, अल्ट्रामरीन, व्हिरिडियन हा गार हिरवा, एक लिंबाकडे झुकणारा पिवळा, यलो ऑकर, अलिझरिनसारखा एक गार लाल आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून करड्यांचं अख्खं घराणं निघतं, गारापासून उबदारापर्यंत, आणि समुद्राच्या चित्रात हे करडे फार उपयोगी पडतात. काळ्या ट्यूबची गरज भासणार नाही. वेड उपाशी राहू नये म्हणून आठवी ट्यूब दर खेपेला पाहुणी म्हणून न्या. कधी सेरुलियन हा आकाशी निळा, कधी कॅडमियम ऑरेंज, तुमची जी लाडकी असेल ती. अट एकच. ती शेवटच्या दहा मिनिटांत उघडायची.

ही अट कशासाठी, ते सांगायला शेव्हरल नावाच्या एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची गोष्ट पुरेल. पॅरिसच्या गोबलँ या राजाश्रयी विणकामशाळेत तो रंगाई विभागाचा प्रमुख होता. तक्रार आली की काळा रंग फिका पडतोय. त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हती. ज्या निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी तो काळा विणला जात होता, त्यांच्यामुळे तो डोळ्यांना फिका वाटत होता. या निरीक्षणातून उभा राहिलेला त्याचा मोठा ग्रंथ १८३९ साली आला आणि पुढच्या चित्रकारांनी तो अक्षरशः वापरून काढला. तुमच्या भडक चित्रात हेच उलट घडतंय. सगळे शेजारी एकाच आवाजात बोलतायत, त्यामुळे कोणीच ऐकू येत नाही. तोच सेरुलियन करड्या पाण्यात बोटभर लावला तर चित्राच्या दुसऱ्या टोकापासून दिसेल.

याचा नमुना हवा असेल तर स्पॅनिश चित्रकार सोरोया बघा. व्हॅलेन्सियाच्या किनाऱ्यावर तो मोठमोठे कॅनव्हास थेट वाळूत उभे करून रंगवायचा. १९०९ सालच्या एका चित्रात पांढऱ्या कपड्यांतल्या दोन स्त्रिया पाण्याच्या कडेने चालताना दिसतात. त्या पांढऱ्या कापडात किती निळे, जांभळे आणि पिवळसर रंग आहेत ते शोधत बसा. त्याच्याइतकं रंगांचं वेड क्वचितच कोणाला असेल, आणि त्यातला कुठलाही रंग ट्यूबमधून तसाच आलेला वाटत नाही.

फोटोबद्दल सरांशी माझा निम्मा वाद आहे. लाटेचा आकार, होडीचा कल, खडकाची कड यांसाठी फोटो घ्या, खुशाल घ्या. रंगांसाठी नको. तळपतं पाणी नीट आलं तर सावल्या काळ्याठिक्कर होतात, सावल्या आल्या तर पाण्याच्या जागी पांढरं भगदाड पडतं, आणि ज्या करड्यांबद्दल एवढं लिहिलं ते तर कॅमेरा सपाटच करून टाकतो. घरी काम करण्याला मात्र माझा विरोध नाही. मोनेने एत्रताची कितीतरी चित्रं घरी नेऊन पुरी केली. व्हॅन गॉग १८८८ मध्ये भूमध्य समुद्राकाठच्या सँत-मारी इथे काही दिवस राहिला. या समुद्राचा रंग बांगड्याच्या अंगासारखा पालटतो, हिरवा की जांभळा की निळा ते कळत नाही, असं त्याने भावाला लिहिलंय, म्हणजे तुमची तक्रार तुमच्या एकटीची नाही. होड्या पहाटेच पाण्यात जायच्या, रंगवायला वेळच मिळत नव्हता. मग त्याने त्यांचं रेखाटन करून घेतलं आणि चित्र नंतर मुक्कामी परतून केलं. तुम्हीही किनाऱ्यावरचे छोटे बोर्ड आणि पेन्सिलीची रेखाटनं समोर ठेवून घरी मोठं चित्र करा. त्यात तुमचा जीव रमेल असं मला वाटतं, कारण रंग तुम्ही स्वतः बघून आणलेले असतील.

बाकी किरकोळ. इझलच्या मध्यभागी दगडांची किंवा वाळूची पिशवी लटकवा, वारा कॅनव्हासला शिडासारखा उचलतो. रंगात वाळू चिकटली तर ओली असताना खरवडू नका. चित्र पूर्ण वाळल्यावर बोट फिरवलं की बरीचशी निघते, आणि राहिली तरी हरकत नाही. मोनेने १८७० साली त्रूव्हिलच्या किनाऱ्यावर केलेल्या, आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेल्या चित्रात वाळूचे कण आजही रुतलेले आहेत. टर्पेंटाइन आणि रंगाच्या चिंध्या बंद डब्यात घालून परत आणा, ब्रश समुद्रात धुवायचे नाहीत. भरतीचं वेळापत्रक पाहूनच बसा. १८८५ च्या नोव्हेंबरात पाणी उतरतंय अशा समजुतीत मोने एत्रताच्या कड्याखाली रंगवत राहिला आणि लाटेने त्याला चित्रासकट उचलून कड्यावर आपटलं. तो बचावला, पॅलेटवरचे रंग दाढीला लागले, चित्र मात्र गेलं.

सरांकडे पुढच्या वेळी मोठा कॅनव्हास नेऊ नका. पंधरवड्यातले सहा-सात छोटे बोर्ड न्या, खिडकीजवळच्या उजेडात एका ओळीत मांडा आणि रंगांविषयी काही विचारू नका. प्रत्येकातली वेळ कुठली वाटते, एवढंच त्यांना ओळखायला सांगा आणि मग बोर्ड उलटून मागची नोंद दाखवा. जिथे ते चुकतील, त्या बोर्डावर गडद-उजळाची गणितं परत तपासा. जिथे बरोबर ओळखतील, तिथे पाहुण्या ट्यूबचा विषय काढायला हरकत नाही.